खत मुळाला, पाणी वाफशाला

पोरी, खताच्या दुकानाची पायरी चढण्याआधी माती तपासणीचा कागद हातात असू दे. यंदापासून मळ्याचा कारभार तू बघणार, म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते. शेजारच्यानं किती पोती टाकली, त्याचा ऊस किती काळाभोर दिसतो, ते बघून खत घेऊ नकोस. आपल्या शिरोळ तालुक्यात एकरी शंभर टनांच्या ईर्षेपायी माणसांनी सरीत पोत्यावर पोती ओतली. त्यातलं उसाला पचलं नाही ते गेलं कुठं, हे फार थोड्यांनी विचारलं. काही हवेत गेलं, काही ओढ्यानं पंचगंगेत गेलं आणि काही आपल्याच विहिरीत उतरलं.

मातीचा नमुना दुसऱ्यावर सोपवू नकोस, स्वतः काढ. ऊस तुटून गेला आणि नवं खत अजून पडलं नाही, ती वेळ धर. रानात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवड. झाडाखालची, बांधालगतची, शेणखताचा ढीग होता तिथली जागा सोड. कुदळीनं वीतभर खोल, व्ही आकाराचा खड्डा घे. आतली माती बाहेर टाक आणि मग खड्ड्याच्या कडेची दोन बोटं जाडीची माती वरपासून तळापर्यंत खरवडून घे. सगळ्या जागांची माती घमेल्यात कालव, चार वाटे कर, समोरासमोरचे दोन काढून टाक. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करायचं. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भर. खताच्या रिकाम्या पोत्यावर मात्र ती चुकूनही पसरू नकोस, सगळा अहवाल वाकडा येतो. वरच्या रानाची आणि ओढ्याकडच्या खालच्या तुकड्याची पिशवी वेगळी ठेव, ती दोन्ही रानं एका स्वभावाची नाहीत.

आता नत्राचा हिशेब, कारण खरी गळती तिथं आहे. आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्र, 170 किलो स्फुरद, 170 किलो पालाश अशी राहुरी विद्यापीठाची शिफारस आहे. को 86032 जातीला पंचवीस टक्के जास्त. साध्या जातीचं धरलं तर एकराला 160 किलो नत्र होतं. युरियाचं पोतं आता 45 किलोचं येतं आणि त्यात 46 टक्के नत्र, म्हणजे पोत्यामागं पावणेएकवीस किलोच्या आसपास. सगळं नत्र युरियातून द्यायचं म्हटलं तरी सोळा-अठरा महिन्यांच्या पिकाला एकरी पावणेआठ पोती पुरतात. पण आपण डीएपीही टाकतो ना? त्यात 18 टक्के नत्र असतं. स्फुरदासाठी एकरी तीन पोती डीएपी टाकलंस तर 27 किलो नत्र त्यातूनच आलं. युरियाची सव्वा पोती तिथंच कमी कर. ही वजाबाकी न करणाऱ्यांची घरं मोजायला बसले तर गाव संपेल.

नत्र एका वेळी ओतायचं नाही. लागणीला दहा टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस, बारा ते सोळा आठवड्यांनी पुन्हा दहा आणि मोठ्या बांधणीला उरलेलं चाळीस. लागणीला निम्मं स्फुरद डीएपीतून दिलंस की पहिल्या हप्त्याचं नत्र त्यातच जवळजवळ भागतं, तेव्हा त्या दिवशी युरियाचं तोंड सोडायची गरज नाही. कोंब फुटायच्या आधी मुळं जेमतेमच असतात, खाणार कोण? आणि मोठी बांधणी झाली की युरियाला हात लावू नकोस. उशिरा दिलेल्या नत्रानं ऊस हिरवा दिसतो, पण साखर कमी भरते आणि ऊस लोळतो. कुणी कितीही सांगू दे, तू ठाम राहा.

मातीच्या कणांवर ऋणभार असतो आणि नायट्रेटवरही ऋणभारच. म्हणून माती त्याला धरून ठेवत नाही. युरिया जमिनीत पडला की काही दिवसांत त्याचा अमोनिया आणि पुढं नायट्रेट होतं, आणि पाण्याबरोबर ते सरळ खाली जातं. म्हणून खत देशील तेव्हा वाफसा बघ. मूठभर माती दाबून गोळा कर. गोळा झाला आणि बोटानं टिचकी मारल्यावर फुटला, तर रान खत घ्यायला तयार आहे. चिखलात खत टाकायचं नाही, पावसाचा अंदाज असला तर दोन दिवस थांबायचं. खत सरीत फेकून मोकळी होऊ नकोस, मातीआड कर. आपली जमीन चुनखडीची, सामू आठच्या वर. उघड्यावरचा युरिया इथं वाऱ्यावर जातो. मागून पाणी दे ते हलकं. रात्रीची लाइट आली म्हणून दारं धरायचं आणि सरी तुडुंब भरून पाणी शेवटाच्या चरीतून ओढ्यात सोडायचं, ही खोड मोड. ज्या रात्री तसं पाणी वाहतं, त्या रात्री नत्रही वाहतं. ठिबक घेतलंस तर हेच खत दर आठवड्याला थोडं थोडं मुळाशी देता येतं, आणि माझ्या मते तो पैसा वाया जाणार नाही.

खोडव्याला तर मला पहारच आवडते. तोडणीनंतर पंधरा दिवसांच्या आत बुडख्यापासून चार-पाच इंचांवर पहारीनं तितकंच खोल भोक पाडायचं, खत टाकायचं, पायानं दाबून बुजवायचं. पुढचं भोक फूटभर अंतरावर. दुसरा हप्ता साडेचार महिन्यांनी सरीच्या दुसऱ्या बाजूला. मजूर कुरकुर करतात, वेळ लागतो, पण खत मुळाला लागतं. आणि पाचट पेटवायचं नाही. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. सरीत पसरून त्यावर साधारण 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि चार किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून ओल दिली की ते रानातच कुजतं. काडी लावली की त्यातलं नत्र धूर होऊन जातं, आणि ज्या सेंद्रिय कर्बासाठी आपण शेणखत विकत आणतो तोही जळतो.

आता घरातली गोष्ट. आपण पितो ती विहीर मळ्यातली. तुझं लेकरू अजून अंगावर पितंय. उद्या वरचं दूध, वरचं पाणी सुरू होईल. त्याआधी विहिरीचं पाणी तपासून घे आणि नायट्रेटचा आकडा आवर्जून बघ. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नको. त्याहून जास्त असलं तर सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला धोका असतो. रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही, बाळ निळं पडतं. आणि हे नीट ऐक: पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाण्याची वाफ होते, नायट्रेट मागं राहतं, म्हणजे उलट वाढतं. आकडा वर आला तर बाळासाठी दुसरं पाणी आणायचं, त्यात हयगय नको.

उकिरडा विहिरीपासून लांब आणि चढावर नसलेल्या जागी हवा. खड्ड्याभोवती मातीचा उंच काठ कर, पावसाळ्यात वर पाचटाचं छप्पर घाल. शेणखताचा ढीग पावसात भिजला की तांबूस पाणी निघतं. त्यातच त्याचं सत्त्व असतं. गोठ्यातलं मूत्र पाटात सोडू नकोस, खड्ड्यात घे.

स्फुरदाची तऱ्हा वेगळी. आपल्या काळ्या रानात ते चुन्याशी जखडून बसतं, पाण्याबरोबर फारसं खाली जात नाही. ते जातं मातीबरोबर. म्हणून ओढ्याच्या काठापर्यंत नांगर घालू नकोस. काही हात रान सोड, तिथं मारवेल गवत लाव. जनावरांना वैरण होईल आणि गढूळ पाणी तिथंच गाळून निघेल. पंचगंगेवर जलपर्णीची हिरवी चादर पसरते ती बघतेस ना? शहरांचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी त्याला कारण आहेच, त्यांना जाब विचारायलाच हवा. पण आपल्या सरीतून जातं त्याचा जाब आपल्यालाच द्यायचा आहे. आपल्या ओढ्याचं पाणी शेवटी नरसोबावाडीच्या संगमावरच जातं.

पुराचंही ध्यानात ठेव. 2005, 2019, 2021 तू ऐकलंस, बघितलंस. जुलै-ऑगस्टात खालच्या तुकड्यात खत टाकायचंच नाही आणि घरातली पोती माळ्यावर ठेवायची. पूर ओसरला की विहीर उपसून, पाणी तपासून मगच प्यायचं.

खालच्या तुकड्याबद्दल मात्र घाई करू नकोस. तिथं उन्हाळ्यात वर पांढरं फुटतं. पाणी खालून वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि क्षार माघारी राहतात. तिथं जास्त खत टाकणं म्हणजे क्षारात क्षार घालणं. आधी निचरा हवा: कडेनं चर खोल करून घे, पुढं जमेल तेव्हा भोकं पाडलेल्या पाइपांची भूमिगत निचरा व्यवस्था. जिप्सम किती टाकायचं ते तपासणीच्या कागदावरून ठरव, आणि चर मोकळी झाल्यावरच टाक. यंदा त्या तुकड्यात ऊस नको. जूनच्या पहिल्या पावसावर धैंचा पेर, तो असल्या जमिनीत तग धरतो. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फुलावर येईल, तेव्हा कोवळा असतानाच गाडून टाक. लागण करायची की नाही, ते ऑक्टोबरात पुन्हा माती तपासून ठरवू.