हेलिकॉप्टरचे शिक्षण आणि संगणकीय सिम्युलेटर

मुंबईच्या जुहू विमानतळावरून बॉम्बे हाय परिसरातील तेल उत्खनन केंद्रांकडे हेलिकॉप्टरे नित्य ये-जा करतात. खाली समुद्र आणि उतरावयास मोजकी जागा. दिनांक २८ जून २०२२ रोजी ९ जणांना घेऊन निघालेले एक हेलिकॉप्टर समुद्रात उतरवावे लागले. त्यात ४ जण मृत्युमुखी पडले. अशा संकटाचा सराव प्रत्यक्ष उड्डाणात करणे शक्य नसते. तो जमिनीवर करता यावा म्हणून सिम्युलेटर हे साधन निर्माण झाले.

पूर्वपीठिका

अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ साली वाद्यांच्या कारखान्यातील भाते वापरून असे पहिले यशस्वी यंत्र तयार केले. १९३४ साली टपाल वाहून नेताना लष्करी वैमानिकांचे अनेक अपघात झाले, तेव्हा तेथील लष्कराने अशी ६ यंत्रे खरेदी केली. आज भात्यांचे काम संगणक करतो.

हेलिकॉप्टरची अडचण

हेलिकॉप्टरच्या वैमानिकाचे दोन्ही हात व दोन्ही पाय सतत कामात असतात. डाव्या हाताचा ‘कलेक्टिव्ह’ दांडा उचलला की यान वर जाते. पण त्याच वेळी त्याचे नाक एका बाजूस वळू लागते. ते पायांतील पेडलांनी आवरावे लागते आणि त्यामुळे उजव्या हातातील ‘सायक्लिक’ दांडाही हलवावा लागतो. म्हणूनच जमिनीपासून थोड्या उंचीवर अधांतरी स्थिर राहणे हा नवशिक्याला सर्वांत कठीण जाणारा धडा होय.

लाभ आणि मर्यादा

अधांतरी स्थिर राहताना यान किंचित सरकले, तर ते वैमानिकाला डोळ्यांच्या कडांना दिसणाऱ्या दृश्यातून व शरीराला बसणाऱ्या हेलकाव्यातून कळते. घरातील संगणकाचा लहान पडदा व स्प्रिंगचा दांडा यांतून ही जाणीव होत नाही. तेथे एकट्याने सराव करणाऱ्यास बाहेर न पाहता केवळ काट्यांकडे पाहण्याची सवय जडू शकते आणि ती मोडण्यात पुढे शिक्षकाचा वेळ जातो. मात्र उपकरणांची ओळख, इंजिन सुरू करण्याचा क्रम, बिनतारी संभाषण व नकाशावरून मार्गक्रमण या गोष्टी अशा संगणकावरही अल्प खर्चात शिकता येतात.

खरा लाभ संकटकाळच्या सरावात आहे. इंजिन बंद पडताच कलेक्टिव्ह तत्काळ खाली घ्यावा लागतो. मग खालून वर येणाऱ्या हवेने पंखा फिरत राहतो आणि यान सुखरूप उतरविता येते. विलंब झाल्यास पंख्याची गती घटते व ती परत मिळणे दुरापास्त होते. दाट ढगांत सापडणे किंवा शेपटीचा पंखा निकामी होणे, हे प्रसंगही सिम्युलेटरवर वारंवार, निर्धोकपणे उभे करता येतात.

बंगळूर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्स व कॅनडातील सीएई यांच्या संयुक्त केंद्रात २०१० पासून असे प्रशिक्षण देण्यात येऊ लागले. २०२१ साली युरोपीय विमान सुरक्षा संस्थेने रॉबिन्सन आर-२२ या लहान हेलिकॉप्टरच्या, डोळ्यांवर चढविलेल्या पडद्यातून सभोवारचे आभासी दृश्य दाखविणाऱ्या सिम्युलेटरलाही प्रथमच मान्यता दिली.

तात्पर्य, सिम्युलेटर कार्यक्रम आणि निर्णय शिकवितो. हाताचा तोल मात्र शिक्षकाशेजारी बसून, प्रत्यक्ष उड्डाणातच साधावा लागतो. होतकरू वैमानिकाने ही मर्यादा ओळखून त्याचा उपयोग केल्यास उड्डाणाचा प्रत्येक महागडा तास अधिक सत्कारणी लागेल.