वळचणीची झालरपट्टी : कुजण्याची कारणे आणि बदलण्याची रीत

उतरत्या छपराच्या खालच्या कडेला, वाशांच्या टोकांवर आडवी ठोकलेली फळी म्हणजे झालरपट्टी. नव्या बांधकामात तिलाच फेशिया म्हणतात. वाशांची उघडी टोके ती झाकते, पन्हळीचे ओझे पेलते आणि कौलांच्या शेवटच्या ओळीला टेकू देते. घराच्या लाकूडकामात पाऊस, ऊन आणि वारा सर्वांत जास्त याच फळीच्या वाट्याला येतात. ती कुजली म्हणून छप्पर लगेच खाली येत नाही. त्यामुळे दुरुस्ती एकेका वर्षाने पुढे ढकलली जाते आणि तोवर पाणी वाशांच्या टोकांत मुरलेले असते. झालरपट्टीच्या बहुतेक दुरुस्त्या फसतात त्या एकाच कारणाने: फळी बदलली जाते, पण तिला कुजवणारे पाणी जिथून येते ती वाट तशीच राहते.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न दोन निराळ्या रूपांत दिसतो. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटघर, रतनवाडी, भंडारदरा या सह्याद्रीच्या पट्ट्यात, वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथे घरे कौलारू, पाखी उतरती आणि वळचण बरीच पुढे काढलेली असते. फळी पाण्याने जाते. पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड हा भाग पर्जन्यछायेतला आहे. तिथे पाऊस कमी, पण उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. उन्हाने फळी तडकते, रंगाचे पोपडे निघतात, आणि भिंतीतून वर चढलेली वाळवी तिच्यापर्यंत पोचते. या भागातल्या जुन्या धाब्याच्या घरांना अशी फळी नसतेच. पण पत्र्याची घरे आणि नवे बंगले आता सर्वत्र आहेत, आणि त्यांच्या कडेला लाकडाची नाहीतर पत्र्याची पट्टी हमखास असते.

लाकूड पाण्याने भिजले म्हणजे लगेच कुजत नाही. कुजवते ती बुरशी, आणि तिला वाढायला लाकडात साधारण २० टक्क्यांहून अधिक ओल बराच काळ टिकून राहावी लागते. पावसात भिजून उन्हात वाळणारी फळी अनेक वर्षे टिकते. भिजल्यावर जिला वाळायला वावच मिळत नाही ती फळी जाते. म्हणून कुजण्याची सुरुवात सहसा दर्शनी बाजूला होत नाही. ती पाठीमागे होते: वाशाच्या टोकाशी फळी चिकटते त्या जागी, दोन फळ्यांच्या सांध्यात आणि पन्हळीच्या मागे. पुढून रंग ताजा दिसतो आणि मागे लाकडाचा भुगा झालेला असतो.

अकोले तालुक्यातल्या राजूरच्या परिसरातल्या एका कौलारू घराचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. पश्चिमेकडच्या वळचणीची फळी दोन-तीन ठिकाणी मऊ पडली होती. मृगाच्या तोंडावर ती खरवडून, खड्डे पुट्टीने बुजवून वर ऑइल पेंटचे दोन हात दिले गेले. ऐन श्रावणात पन्हळ एका टोकाने निसटून ओट्यावर आली, कारण तिचे हूक ज्या लाकडात होते त्या लाकडात खिळा धरण्याइतकाही जीव उरला नव्हता. दिवाळीनंतर नवी सागवानी फळी बसवली गेली. काम सुबक झाले, कड दोरीत आली. पण पुढच्या पावसाळ्यात भिंतीच्या माथ्यावर ओल उतरू लागली आणि नव्या फळीची पाठ काळी पडली. नवी फळी जुनीपेक्षा अरुंद होती आणि खालच्या कडेशी जुळवून ठोकल्यामुळे तिचा वरचा काठ रिपेच्या पातळीला आला होता. त्यामुळे शेवटच्या ओळीची कौले पुढे झुकली, वरच्या ओळीशी त्यांचा सांधा उघडला आणि पाणी पन्हळीत पडण्याऐवजी फळीच्या मागे उतरू लागले. अखेर फळी पुन्हा काढावी लागली, चार वाशांची टोके कापून जोड द्यावा लागला, आणि एकदाच्या कामाचा खर्च तीनदा झाला.

तपासणी भर पावसात करावी. उन्हाळ्यात कोरडी फळी पाहून काहीच कळत नाही. पावसाची सर चालू असताना वळचणीखाली उभे राहिले की पागोळ्या कुठून पडतात ते दिसते. पागोळी पन्हळीच्या पुढच्या काठावरून पडत असेल तर पन्हळ तुंबली आहे किंवा तिचा ढाळ बिघडला आहे. ती फळीच्या मागून, भिंतीला लागून ओघळत असेल तर दोष कौलांच्या शेवटच्या ओळीत आहे. या दोन दोषांचे उपाय वेगळे आहेत. पाऊस ओसरल्यावर शिडी लावून फळीच्या खालच्या काठात आणि प्रत्येक सांध्यात पेचकसाचे टोक दाबून पाहावे. चांगल्या सागवानात ते जेमतेम खुपते, कुजक्या लाकडात सहज आत जाते. फळीवर किंवा भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. अशा वेळी फळीआधी भिंत आणि पाया यांचा बंदोबस्त करावा लागतो, नाहीतर नवी फळीही ती खाते. टोचल्यावर दोष हातभर जागेपुरताच निघाला आणि वासा निरोगी असेल, तर तेवढा तुकडा कापून बदलणे पुरते. पुट्टी फक्त खिळ्यांची भोके आणि बारीक चिरा बुजवण्यासाठी असते. कुजके लाकूड पुट्टीने भरणे म्हणजे ओल आत कोंडणे.

कामाला उत्तम काळ दिवाळीनंतरचा. सह्याद्रीच्या पट्ट्यात पावसाळ्याआधी घर शाकारतात, कौले उतरवून, साफ करून, फुटकी बदलून पुन्हा लावतात; त्याच वेळी कडेचे काम उरकून घेण्याकडे कल असतो. कौले एकदाच हलवावी लागतात हा त्यातला फायदा. पण वैशाखात सुतार आणि गवंडी दोघेही कामात बुडालेले असतात आणि वळवाची सर कधी येईल याचा नेम नसतो. घाईत झालेले कडेचे काम पहिल्याच पावसात उघडे पडते. निदान वाशांची टोके बदलायची असतील तर हे काम हिवाळ्यातच करून घ्यावे.

उतरवण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी कडेच्या कौलांच्या दोन ओळी काढून बाजूला रचाव्यात, मग पन्हळ, मग तिचे हूक, आणि शेवटी फळी. मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास भरते आणि चौरस मीटरला १५-१६ कौले लागतात, म्हणजे दोन ओळींचेही ओझे थोडे नसते. ती छपरावरच वर सरकवून ठेवली तर कमजोर वाशांवर भार येतो. ही कौले मंगलोरला बासेल मिशनच्या कारखान्यात १८६५ च्या सुमारास तयार होऊ लागली आणि पुढे महाराष्ट्रभर पसरली. आज जुन्या साच्याचे कौल सहज मिळतेच असे नाही, म्हणून उतरवताना ते फुटू न देणे हे पैशाइतकेच सोयीचेही आहे. लांबलचक फळी शिडीवरून काढू नये. एक टोक सुटले की दुसरे टोक माणसाला ओढून नेते. बांबूची परांची बांधूनच काम करावे आणि वळचणीजवळून गेलेल्या विजेच्या तारेचा प्रवाह आधी बंद करून घ्यावा. फळीमागे गांधीलमाश्यांचे पोळे असण्याची शक्यता फार मोठी. पहिला ठोका घालण्यापूर्वी ते पाहून घेतलेले बरे.

फळी निघाली की वाशांची टोके उघडी पडतात, आणि खरी दुरुस्ती इथे सुरू होते. लाकडाचे आडवे कापलेले टोक पाणी सर्वांत जास्त शोषते, म्हणून वासा कडेकडूनच जातो. टोक वरवर काळे पडले असेल तर पटाशीने निरोगी लाकूड लागेपर्यंत तासावे. आत पोकळ झाले असेल तर कुजका भाग कापून, वाशाच्या बगलेला त्याच जाडीचा नवा तुकडा लावावा. तो भिंतीच्या बाहेर जेवढा निघतो त्याच्या दुप्पट तरी आत गेला पाहिजे आणि खिळ्यांऐवजी आरपार बोल्टांनी आवळला पाहिजे. आखूड तुकडा पन्हळीच्या ओझ्याने खाली झुकतो. सर्व टोकांना दोरी लावून ती एका रेषेत आली की नाही हे याच वेळी पाहावे. पुढे फळी वाकवून रेषा साधता येत नाही. उघड्या टोकांना नवी फळी लागण्यापूर्वी प्रायमरचा भरपूर हात द्यावा.

लाकडात सागवानाला तोड नाही. जुने वाडे पाडल्यावर निघालेले सागवान मिळाले तर ते नव्यापेक्षा सरस ठरते, कारण ते वर्षानुवर्षे मुरलेले असते. मात्र त्यातले मोडके खिळे काढल्याशिवाय रंदा मारू नये. कडुनिंब वाळवीला सहसा दाद देत नाही, पण लांब सरळ फळी त्यात क्वचित मिळते. बाभूळ कठीण असली तरी वाळताना पीळ घेते, म्हणून या कामाला गैरसोयीची. नगरच्या कोरड्या हवेत वाळलेली फळी भंडारदऱ्याच्या दमट हवेत नेली की फुगते. तिला बसवण्याआधी काही आठवडे त्याच घराच्या पडवीत, खाली पट्ट्या देऊन ठेवावे. सिमेंट फायबर किंवा पीव्हीसीच्या तयार पट्ट्या कुजत नाहीत हे खरे, पण त्या निरोगी लाकडावरच लावाव्यात. कुजकी फळी तशीच ठेवून वर पीव्हीसी चढवण्याची जी पद्धत रूढ होते आहे ती घातक आहे, कारण आत काय चालले आहे हे मग वासा मोडेपर्यंत दिसत नाही.

आता उंची. कौलाला वरच्या बाजूला रिपेचा आणि त्याखाली पुढच्या कौलाचा टेकू असतो. शेवटच्या ओळीखाली पुढचे कौल नसते. ती उणीव झालरपट्टीने भरून काढायची असते, म्हणून तिचा वरचा काठ रिपेच्या माथ्यापेक्षा साधारण एका कौलाच्या जाडीइतका वर हवा. तो खाली राहिला तर ओळ झुकते आणि सांधा उघडतो, फार वर गेला तर कौल मागे कलते आणि पाणी उलटे शिरते. पक्के करण्याआधी फळी तात्पुरती अडकवून, तीन-चार कौले मांडून, वरून तांब्याभर पाणी ओतून पाहावे. हे करायला काही मिनिटे लागतात आणि राजूरच्या घराला लागलेला खर्च त्यातून टळतो. कौलाचा काठ फळीच्या पुढे दोन ते तीन इंच, म्हणजे पन्हळीच्या तोंडात जाईल इतका यावा.

फळीच्या चारही बाजूंना, विशेषतः पाठीला आणि कापलेल्या टोकांना, बसवण्यापूर्वीच प्रायमर आणि रंगाचा एक हात दिलेला असावा. बसवल्यावर पाठीपर्यंत ब्रश पोचत नाही. दोन फळ्यांचा सांधा वाशाच्या टोकावरच यावा आणि तो सरळ न कापता तिरपा कापावा, म्हणजे लाकूड आकसले तरी फट आरपार दिसत नाही. साध्या लोखंडी खिळ्यांना गंज चढतो आणि त्याभोवतीचे लाकूड काळे पडून सैल होते. गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्क्रू महाग पडले तरी तेच वापरावेत. खालच्या काठाच्या आतल्या बाजूला बारीक खाच मारली तर काठावर आलेले पाणी मागे न जाता तिथेच ठिबकते. बहुतेक सुतारांना ही खाच माहीत असते, पण सांगितल्याशिवाय ती मारली जात नाही.

पन्हळीचा हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ८ मीटर लांब आणि ४ मीटर उताराच्या पाख्यावर तासाला ५० मिलिमीटरची सर आली तर पन्हळीतून तासाभरात १,६०० लिटर पाणी वाहते. तिला मीटरमागे सुमारे ५ मिलिमीटर ढाळ हवा. पाचोळ्याने तुंबलेली ६ इंची अर्धगोल पन्हळ मीटरला जवळजवळ ९ किलो पाणी धरून बसते, म्हणजे ८ मीटरला ७० किलो, आणि हे सारे ओझे फळीवर. शक्य तिथे हूक नुसत्या फळीत न घेता वाशात घ्यावेत.

पत्र्याच्या घरात तत्त्व हेच. पत्रा फळीच्या किंवा लोखंडी पट्टीच्या पुढे आलेला असावा आणि स्क्रूखालचे रबरी वायसर उन्हाने कडक झाले की बदलावेत. पूर्वेकडच्या तालुक्यांत ते लवकर जातात. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असते. कडेचे काम करताना ते ग्राइंडरने कापू नयेत, कोरडे भोक पाडू नये आणि तुटलेले तुकडे झाडून काढू नयेत. त्याची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. ओले करून, तोंड बांधून, अखंड पत्राच उतरवावा.

मजुरी रनिंग फुटावर ठरते आणि लाकूड घनफुटावर. ३० फूट लांब, ८ इंच रुंद आणि १ इंच जाड फळीला सुमारे १.६७ घनफूट लाकूड लागते. रंदा आणि कापणी यांत जाणारा वाटा धरून २ घनफूट मोजावे. दर ठरवताना कौले उतरवणे आणि चढवणे, पन्हळ पुन्हा बसवणे, परांची आणि पाठीचा रंग ही चार कामे त्यात धरली आहेत की नाहीत हे आधी लिहून घ्यावे. वाशांच्या टोकांचा जोड मात्र नगावर वेगळा ठरवावा, कारण किती टोके गेली आहेत हे फळी निघाल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.