चाळीस पिना

चि. सुमीत यास,


रास्पबेरी पाय ४ घेतलास, हे दादाकडून कळलं. तू काही विचारलं नाहीस, पण मला राहवत नाही म्हणून लिहिते.

आधी कार्ड तयार कर. रास्पबेरी पाय इमेजर लॅपटॉपवर उतरवून घे आणि मायक्रो एसडी कार्डावर सिस्टीम चढवतानाच युजरनेम, पासवर्ड, वायफाय भरून एसएसएच चालू कर. मग वेगळा मॉनिटर लागत नाही. पॉवर सप्लाय मात्र ५ व्होल्ट ३ अँपिअरचा, चांगलाच घे. मोबाइलच्या जुन्या चार्जरवर बोर्ड सुरू होतो, मध्येच अडखळतो, आणि आपण चूक कोडमध्ये शोधत बसतो.

खरं सांगायचंय ते बोर्डावरच्या चाळीस पिनांबद्दल. २ आणि ४ नंबरवर ५ व्होल्ट, १ आणि १७ वर ३.३, ६ वर ग्राउंड. प्रोग्रॅमने चालवायच्या सगळ्या पिना ३.३ व्होल्टच्या, ५ त्यांना सोसत नाहीत. अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरची इको वायर मी एकदा थेट लावली. धूर नाही, वास नाही, ती पिन नुसती मुकी झाली. दोन रात्री मी प्रोग्रॅमच तपासत होते! मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर आणि पिनेपासून ग्राउंडला २ किलोओहमचा, एवढं केलं असतं तर ५ चे ३.३ झाले असते. फार वाईट वाटलं होतं, म्हणून तुला आधीच सांगते.

आणखी एक. प्रोग्रॅममधला १७ म्हणजे बोर्डावरची सतरावी पिन नव्हे, अकरावी. सतरावीवर तर सरळ ३.३ व्होल्ट असतात. टर्मिनलवर ‘पिनआउट’ ही कमांड दिलीस की पूर्ण नकाशा येतो. तो स्वतःच्या हाताने वहीत काढ. वायर लावायच्या आधी बोर्ड बंद कर, पिना पेनाच्या टोकाने मोज, मग उलट बाजूने पुन्हा मोज. मी अजूनही मोजते.

पहिला प्रयोग एलईडीचाच कर, घाई नको. लांब पाय अकराव्या पिनेकडे, आखूड पाय ग्राउंडकडे, मध्ये ३३० ओहमचा रेझिस्टर: नारिंगी, नारिंगी, तपकिरी पट्ट्यांचा. पायथनमध्ये जीपीआयओझिरो ही लायब्ररी वापरलीस तर तीन-चार ओळींत दिवा लुकलुकतो.

तुमच्याकडे लाईट जाते. कार्डावर लिहिणं चालू असताना गेली तर कार्ड बिघडू शकतं, तेव्हा कोडची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवत जा. बंद करतानाही थेट प्लग ओढू नकोस, आधी शटडाउन कर.

दिवाळीला आलास की माझा तो बोर्ड दाखवते. ती एक पिन सोडली तर अजून छान चालतो. तोवर तुझा दिवा लागला की कितीही रात्र झाली असली तरी फोन कर.

तुझी,
आत्या