ट्राम गेली, मार्ग राहिला

मुंबईत दादर स्थानकाच्या पूर्वेस एक मोठा चौक आहे. त्याला लोक ‘दादर टी. टी.’ असे म्हणतात. बसचा वाहक ते नाव पुकारतो आणि उतारू लगबगीने उतरतात. परंतु या दोन अक्षरांचा अर्थ थोड्यांसच ठाऊक असतो. ‘ट्राम टर्मिनस’, म्हणजे ट्रामचा मार्ग जेथे संपत असे ते ठिकाण, हा तो अर्थ होय.

मुंबईतील पहिली ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. तिचा एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीस जाई. दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून तेथेच पोहोचे. रुळांवरची ही गाडी घोडे ओढीत. रूळ गुळगुळीत असल्यामुळे एकदोन घोड्यांनाही भरलेली गाडी ओढता येई. प्रारंभी भाडे तीन आणे असे व तिकीट दिले जात नसे. पुढे उतारू वाढले तसे भाडे दोन आण्यांवर आले. पण काहीजण भाडे चुकवू लागले, म्हणून तिकिटेही आली.

७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली आणि घोड्यांचे कष्ट संपले. डोक्यावरील तारेतून वीज गाडीत येई व तिच्या बळावर चाके फिरत. १९२० साली दुमजली ट्रामही आली. कामगार, कारकून, विद्यार्थी, सारे एकाच बाकावर शेजारी बसू लागले.

ट्रामचे बळ रुळांत होते आणि तिची अडचणही रुळांतच होती. समोर एखादी गाडी बंद पडली की मागच्या साऱ्या ट्राम खोळंबत. मोटारबसला असे बंधन नव्हते. ती बाजूने वळून पुढे जाऊ शके. १५ जुलै १९२६ रोजी मुंबईची पहिली बस अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. कुलाब्याकडून याच बाजारापर्यंत एकेकाळी घोड्यांची ट्राम येत होती. वाहन नवे, वाट मात्र ओळखीची!

७ ऑगस्ट १९४७ रोजी ही सेवा महानगरपालिकेने आपल्या हाती घेतली. एका कंपनीची मालमत्ता नगरवासीयांची झाली. ‘बेस्ट’ या नावातील ‘टी’ हे अक्षर पूर्वी ट्रामवेज दर्शवीत असे. आता ते ट्रान्सपोर्ट, म्हणजे वाहतूक, असे झाले. रस्त्यांवर मोटारी वाढत गेल्या. ट्रामचे मार्ग एकेक करून बंद होत गेले. ३१ मार्च १९६४ रोजी रात्री शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला निघाली. तिला निरोप देण्यासाठी लोक दुतर्फा उभे होते.

२०२३ साली मुंबईत विजेवर चालणाऱ्या दुमजली बसगाड्या आल्या. त्यांना ना रूळ, ना तार. वीज त्यांच्या पोटातील बॅटरीत साठवलेली असते. घोडा गेला, रूळ गेले, तार गेली. परंतु थोड्या पैशांत अनेकांनी मिळून एका वाहनाने जावे, ही सोय टिकून आहे. ती जपणे मात्र आपल्याच हाती आहे. तिकीट न काढता उतरणारा माणूस आपल्या शेजाऱ्याच्याच खिशात हात घालतो!

स्वाध्याय
१. रुळांमुळे ट्रामला कोणता लाभ झाला? कोणती अडचण आली?
२. ‘वाहन नवे, वाट मात्र ओळखीची’ असे लेखकाने का म्हटले आहे?
३. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या थांब्याच्या नावाचा अर्थ वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.