पिल्लू घरी कधी आणावे?



आपल्याकडे पावसाळा सरून थंडी पडू लागली की गल्लीबोळात कुत्र्याची पिल्लं दिसू लागतात. मग वर्गातही "बाई, आम्ही पिल्लू आणलंय!" अशी बातमी येते. मुलांचा आनंद बघण्यासारखा असतो. पण गेल्या वर्षीचा एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही.

परिपाठाच्या वेळी दुसरीतला एक मुलगा एक हात सारखा पाठीमागे लपवत होता. जवळ जाऊन बघितलं तर बोटावर दातांच्या दोन बारीक खुणा! दोन दिवसांपूर्वीच्या. "घरी सांगितलंस का?" तर मान हलवून म्हणाला, "नाही. सांगितलं तर आई पिल्लाला सोडून देईल." मी लगेच त्याच्या आईला फोन केला. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू झाली. मुलगा आज ठणठणीत आहे.

तेव्हापासून पालकांनी "पिल्लू कधी आणू?" असं विचारलं की मी तीन प्रश्न विचारते.

१) मूल तयार आहे का?
चार-पाच वर्षांखालच्या मुलाला "शेपूट ओढू नको" हे कळतं, पण पुढच्या क्षणी ते विसरतं. हा खोडकरपणा नाही, ते वयच तसं आहे. म्हणून अशा मुलाला पिल्लाजवळ एकटं सोडायचंच नाही. मोठं मूल "थांब" म्हटल्यावर थांबतं का? खाणाऱ्या किंवा झोपलेल्या प्राण्याला हात लावायचा नाही, हे पाळतं का? आणि मुख्य म्हणजे, लागलं तर न घाबरता घरी सांगतं का? खरं तर ही शेवटची परीक्षा मुलाची नाही, आपली आहे.

२) घर तयार आहे का?
लहान पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला द्यावं लागतं आणि दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं. कुत्रं दहा-बारा वर्षं किंवा त्याहूनही जास्त जगतं. म्हणजे आज दुसरीत असलेलं मूल कॉलेजात जाईपर्यंत! त्यामुळे जबाबदारी मोठ्यांचीच. मूल फक्त मदतनीस.

३) पिल्लू तयार आहे का?
निदान आठ आठवडे ते आईजवळ राहू द्यावं. किती जोरात चावायचं नाही, हे ते भावंडांशी खेळतानाच शिकतं. पहिल्या लसी साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून आणि रेबीजची लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास देतात. नेमकं याच काळात त्याचे दुधाचे दात सुईसारखे असतात आणि ते सगळ्याला तोंड लावतं.

म्हणून "पिल्लूच तर आहे" असं म्हणून सोडून देऊ नका. दात किंवा नख लागलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं, पण वेळेत उपचार घेतले तर तो टाळता येतो.

निर्णय होत नसेल तर महिनाभर तालीम करा. सकाळी सहाला कोण उठणार, खायला कोण देणार, गावाला गेल्यावर कोण बघणार, हे वहीत लिहा आणि रोज खूण करा. आमच्या घरी आठव्या दिवशीच वही कोरी राहिली! मुलगा रुसला, पण आम्ही थांबायचं ठरवलं. सध्या तो शेजारच्या काकूंच्या कुत्र्याला त्यांच्यासोबत फिरवून आणतो.

वर्गासाठी उपक्रम: २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. त्या दिवशी "पिल्लू चावलं, आता आईला कसं सांगू?" असं छोटं नाट्यीकरण घ्या. आईच्या भूमिकेतलं मूल काय बोलतं, ते नीट ऐका. घरी काय बोललं जातं, ते बरंचसं तिथे कळतं.