चार शब्द आणि दाभोळ

मी पडले कॉन्व्हेंटवाली, तेव्हा मराठीच्या चुका पोटात घाला.

आमच्या मोडनिंबला हायवेवर उन्हात उभं राहिलं की 'वाट पाहीन, पण एस.टी.नेच जाईन' ही घोषणा हमखास आठवते. लिहिणाऱ्याला निष्ठा म्हणायची होती. पण तासभर थांबलेल्याला त्यातलं फक्त 'वाट पाहीन' ऐकू येतं! हाच तो नकळत झालेला उपरोध. आपल्या प्लेसमेंट हॉलमध्येही 'टीमवर्क'चं पोस्टर आहे, होडी वल्हवणारे आठ जण. त्याच्याच खाली बसून आपण एकमेकांपासून अ‍ॅप्टिट्यूडचे प्रश्न लपवतो.

इथवर गंमत आहे. पण एन्रॉनचं उदाहरण घ्या. ह्यूस्टनच्या त्यांच्या हेडऑफिसात चार शब्द मिरवले जायचे: रिस्पेक्ट, इंटिग्रिटी, कम्युनिकेशन, एक्सलन्स. याच कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प आपल्या गुहागर तालुक्यात.

आधी रिस्पेक्ट बघू. जून 1997 मध्ये पहाटेच पोलीस वेलदूरच्या कोळ्यांच्या घरांत शिरले आणि प्रकल्पाला विरोध करणाऱ्या बायकांना मारहाण झाली. ह्यूमन राइट्स वॉचने 1999 च्या अहवालात हे नोंदवलंय. बंदोबस्ताच्या पोलिसांचा खर्च दाभोळची कंपनी देत होती, हेही त्यात आहे.

एक्सलन्स म्हणाल तर 740 मेगावॅटचा पहिला टप्पा 1999 ला सुरू झाला, नाफ्त्यावर. करार असा, की वीज उचला नाहीतर उचलू नका, क्षमतेचे पैसे मोजायचेच. वीज मंडळाला ते परवडेना. मे 2001 मध्ये प्लांट बंद! बाकीच्या दोन शब्दांचा निकाल त्याच वर्षी अमेरिकेत लागला. कर्ज भलत्याच कंपन्यांच्या वह्यांत लपवलेलं निघालं आणि 2 डिसेंबरला एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली.

पप्पा सांगतात, 2005 च्या आसपास लोडशेडिंगमुळे रात्री दोनला उठून विहिरीवर मोटार चालू करायला जावं लागायचं. दाभोळचा एवढा मोठा प्लांट तेव्हा बंदच होता.

मग सगळ्याच पाट्या खोट्या का? मला नाही वाटत. वर्कशॉपमध्ये लेथजवळ पाटी आहे: 'चकमध्ये चावी विसरू नका.' तिच्यावर हसलेलं मी कुणी पाहिलं नाही. कारण चावी चकमध्ये आहे की नाही, ते नुसतं बघून कळतं. विसरलात आणि मशीन चालू केलंत, तर ती कुणाच्या कपाळावर येईल ते सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. 'एक्सलन्स' कुठल्या गेजने मोजायचं? त्याला टॉलरन्स किती द्यायचा? ड्रॉइंगवर असं नुसतं लिहून दिलं तर सर शीट फाडतील!

पुढच्या महिन्यात माझा पहिला इंटरव्ह्यू आहे. कंपनीच्या ब्रोशरमध्ये पाच शब्द आहेत. 'तुम्हाला काही विचारायचंय का?' असं शेवटी म्हणाले, तर त्यातला एक कसा मोजता, एवढंच विचारणार आहे. मम्मी म्हणते, आधी नोकरी लागू दे.