कमी चाललेल्या ट्रॅक्टरची कॉम्प्रेशन चाचणी

वापरलेला परंतु थोडेच तास चाललेला ट्रॅक्टर विकत घेताना शेतकरी प्रथम तासमापकाकडे पाहतो. आकडा लहान दिसला की इंजिन नव्यासारखेच असणार, असा त्याचा समज होतो. पुढे मिस्त्रीने चाचणी घेऊन एका सिलिंडरचा दाब कमी असल्याचे सांगितले, म्हणजे तोच शेतकरी घाबरून इंजिन पूर्ण उघडण्यास संमती देतो. हे दोन्ही निष्कर्ष पुष्कळदा घाईचे असतात. ऐन पेरणीच्या तोंडावर रिंगा, लायनर व दट्टे बदलण्याचा खर्च लहान शेतकऱ्यास सोसत नाही. तेव्हा चाचणीचे आकडे काय सांगतात व काय सांगत नाहीत, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या वर येताना हवा तिच्या मूळ आकारमानाच्या साधारण सोळाव्या ते अठराव्या हिश्शाइतक्या जागेत दाबली जाते व त्यामुळे इतकी तापते की, तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. सुस्थितीतील इंजिनात सेल्फवर फिरवताना हा दाब बहुधा दर चौरस सेंटिमीटरला २५ ते ३५ किलोग्रॅम भरतो. पेट्रोल मोटारीत तो याच्या निम्म्याहूनही कमी असतो. म्हणून मोटारीचा दाबमापक ट्रॅक्टरला लावू नये. तो फुटून इजा होण्याचा संभव असतो.

चाचणीपूर्वी इंजिन गरम असावे, एअर क्लीनर स्वच्छ असावा, झडपांचे अंतर बरोबर असावे आणि डिझेलचा पुरवठा बंद केलेला असावा. इंजेक्टर सर्व काढावेत की एकेक, हे कारखान्याच्या पुस्तिकेवरून ठरवावे. मात्र प्रत्येक सिलिंडरला पद्धत एकच असावी. बॅटरीकडे विशेष लक्ष द्यावे. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी हमखास उतरलेली असते. इंजिन सावकाश फिरले की दाबलेल्या हवेला निसटण्यास व निवण्यास वेळ मिळतो आणि सर्वच आकडे खाली येतात.

समजा, पुस्तिकेत २८ हा आकडा दिला आहे आणि तीन सिलिंडरांचे आकडे २२, २२ व २१ आले. तिन्ही सारखेच कमी असल्यास झिजेचा विचार शेवटी करावा. आधी बॅटरी भरून पुन्हा मोजावे. गावाची उंचीही लक्षात घ्यावी. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने तेथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो व त्याच प्रमाणात हा आकडाही उतरतो. याउलट २८, २७ व १९ असे आकडे आल्यास दोष तिसऱ्या सिलिंडरमध्येच आहे. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील, तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट उडाल्याचा संशय घ्यावा. सिलिंडरांतील फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. पुस्तिकेतील मर्यादा मात्र अंतिम मानावी.

आता कमी वापराचा प्रश्न. इंजिन थांबते तेव्हा एखाद्या सिलिंडरची झडप उघडी राहते. पावसाळाभर ट्रॅक्टर उभा राहिला, विशेषतः कोकणात, की सायलेन्सरमधून दमट हवा त्याच सिलिंडरमध्ये शिरते आणि झडपेच्या बैठकीवर व भिंतीवर गंज धरतो. रिंगा काजळीने खाचेत चिकटतात, त्या वेगळ्याच. इंजिन नुसते हलक्या भारावर घुरघुरत ठेवण्याची सवय असेल, तर सिलिंडरची भिंत काचेसारखी गुळगुळीत होते व रिंगा नीट बसत नाहीत. यांपैकी कशासही झीज म्हणता येत नाही. तासमापकावर यातले काहीच उमटत नाही, आणि खरे तर तासमापकाचा आकडा विक्रेत्याच्या शब्दाइतकाच भरवशाचा असतो.

गळती कोठे आहे हे पाहण्यासाठी दट्ट्या वर आणून, दोन्ही झडपा मिटलेल्या असताना, इंजेक्टरच्या भोकातून हवा भरावी. इंजिन एकदम फिरू शकते, म्हणून पंख्यापासून दूर राहावे. ऑइल ओतण्याच्या तोंडाशी जोराचा फुसकारा आला तर रिंगांचा, सायलेन्सरमध्ये आला तर एक्झॉस्ट झडपेचा, एअर क्लीनरमध्ये आला तर हवा आत घेणाऱ्या झडपेचा दोष समजावा. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट किंवा हेड तपासावे. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजण्याची पेट्रोल मोटारीतील युक्ती डिझेलला लावू नये. येथे दट्ट्यावरची जागा इतकी लहान असते की, तेवढ्या ऑइलानेच आकडा फसवा वाढतो. ऑइल अधिक पडल्यास कनेक्टिंग रॉडही वाकतो.

ऑइल दुधाळ झालेले नसेल, पाणी कमी होत नसेल व खडखड ऐकू येत नसेल, तर इंजिन उघडण्याची घाई करू नये. ऑइल व फिल्टर बदलून ट्रॅक्टर काही दिवस नांगरटीसारख्या भारी कामास लावावा आणि मग त्याच पद्धतीने पुन्हा मोजावे. आकडे वर आल्यास चिकटलेल्या रिंगा सुटल्या. खालचा सिलिंडर तेथेच राहिला आणि हवा झडपेतून जात असली, तर केवळ हेड उतरवून झडपा घासून घेतल्याने बहुधा काम भागते. दोन्ही वेळचे आकडे, तारीख व तासमापकाची नोंद वहीत ठेवावी, इंजेक्टर बसवताना तांब्याचे वॉशर नवे घालावेत आणि पावसाळ्यात उभ्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरवर डबा उपडा घालण्यास विसरू नये.